गाडीची ओटी

मी एकुलती एक, असं लोक समजतात. ते खरं नाही. मला थोरली बहीण होती. ती कळंब्याच्या आमच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये राहायची, तिला चार चाकं होती आणि वडिलांचा सगळा जीव तिच्यात होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली विलायती मोटार. गुळाच्या व्यापारात बरे दिवस होते तेव्हा आजोबांनी कुणा साहेबाकडून घेतलेली. आजोबा गेले, व्यापार बसला, गाडी राहिली.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना होता. असल्या गाडीचे सुटे भाग बाजारात कुठून मिळणार? ते आबा स्वतः घडवायचे. माझ्या सँडलचा बंद तुटला तर सेफ्टी पिनेवर वर्ष निघायचं. तिचा एक बोल्ट झिजला की आबा भरल्या ताटावरून उठून कारखान्यात. इतर घरांत आयांची जुनी मऊ लुगडी पोरांच्या वाकळंला जातात. आमच्याकडे पहिला मान तिचा, अंग पुसायला. उरलंसुरलं मला. लोखंडाचा कसला हेवा, असं कुणी म्हणेल. त्यांनी आमच्याकडची खंडेनवमी बघायला हवी होती. तिला हार, तिला नारळ, तिच्याभोवती रांगोळी, आणि हे सगळं होईपर्यंत मी उपाशी.

पुढं माझं लग्न झालं. गडहिंग्लजला दिली. पाठवणीच्या वेळी आई रडली, शेजारणी रडल्या, रस्त्यानं जाणारी एक म्हातारीसुद्धा थांबून रडली. आबा मांडववाल्याशी खुर्च्यांवरून वाद घालत होते. जाताना सासऱ्यांना एवढंच म्हणाले, "आता ती तुमची."

तीन महिन्यांनी मी पिशवी घेऊन एसटीनं माहेरी आले. सासूनं जेवताना ताटावरून उठवलं होतं आणि नवरा खाली मान घालून भात कालवत राहिला होता. मला वाटलं, आबा चिडतील, जाब विचारायला जातील, निदान चार दिवस राहा म्हणतील. आबांनी सकाळी गाडी धुतली, पुसली आणि मला मागच्या सीटवर बसवून कागल, निपाणी करत परत नेऊन सोडलं. सासरच्या दारात अख्खी गल्ली जमली. सासू हरखून गेली, चुलीवर चहा चढला, सासरे बॉनेटभोवती फेऱ्या मारू लागले. मी का गेले होते हे कुणीच विचारलं नाही. गाडीचं मात्र सगळ्यांनी विचारलं.

संसार झाला. वाईट झाला असंही नाही. सासू पुढं निवळली, नवराही बोलायला शिकला. पण ती सकाळ मी विसरले नाही. एकदा तरी आबांनी माझ्याबद्दल एक शब्द बोलावा, एवढंच मला हवं होतं. आई गेली, तरी तो शब्द आला नाही.

परवा आबांचा फोन आला. "येऊन जा."

"काय झालं?"

"गाडी दिली. कागलच्या एमआयडीसीतलं पावणं हाईत, बरं माणूस हाय. माझं गुडघं गेलं, नजर गेली. माझ्यामागं तिला कोण बघणार? ओटी भराय घरातली सवाष्ण पायजे."

मी गेले. रागानंच गेले, पण गेले. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं आबांनी स्वतः आणून ताटात मांडलं होतं. माझ्या ओटीचं सामान आईनंच आणलं होतं. मी करंगळीला कुंकू घेऊन बॉनेटकडं हात नेला तर म्हणाले, "थेट नको. रंगाला डाग पडतोय." मग मी बॉनेटवर विड्याचं पान ठेवलं आणि पानावर कुंकू लावलं. ओटी कुठं ठेवू, तर पुढच्या सीटवर. त्या सीटवर मी जन्मात बसले नव्हते. मी बसायचे ती नेहमी मागं.

पावणा तिशीतला, मान खाली घालून बोलणारा. बायकोलाही घेऊन आला होता. दोघं आबांच्या पाया पडली. आबांनी हँडल मारून गाडी चालू केली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि मग एकदम खांदे हलवत रडायला लागले. गल्लीदेखत. आईला पोचवलं तेव्हाही ते असे रडले नव्हते. मी ताट हातात घेऊन उभी होते आणि माझं अंग जळत होतं.

आबांनी त्या माणसाचा हात धरला. "हे बघा पावणं. तिला न्हाय करमलं, तुम्हास्नी जड झाली, तर कवाबी आणून सोडा. रातच्याला आणा, पावसात आणा. दार उघडं हाय. का आणली म्हणून एक शब्द इचारणार न्हाय."

माझ्या हातातलं ताट वाकडं झालं, उरलेले तांदूळ सांडले.

"आबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज चांगलाच चढला होता, "ह्ये माझ्या सासरी का न्हाय सांगितलासा?"

गाडी जागच्या जागी थरथरत होती. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता बोलतील.

"जुनी हाय गं ती," ते म्हणाले. "परक्या दारात तिला सोसंल का?"

"मी एकोणीस वर्सांची होते, आबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात पावण्यानं गियर टाकला, चाकं हलली, आणि आबांची मान गाडीकडं वळली. ती वळणाआड जाईपर्यंत ते फाटकाला धरून बघत उभे राहिले. नंतरही तिथंच उभे होते, जणू आत्ताच परत येईल.

मी त्यांचा हात फाटकावरून सोडवला, फाटक लावलं आणि आतून कडी घातली.