ताज्या रेघा

विभागीय क्रीडा स्पर्धा आमच्या मैदानावर व्हायच्या होत्या, म्हणून सकाळपासून धावपट्टीवर फक्कीच्या रेघा मारणं चाललं होतं. मी मुलींच्या रिले संघाची प्रशिक्षक. आदल्या संध्याकाळी मी वैशालीला संघातून वगळून रेश्माला घेतलं होतं. रेश्मा किंचित जास्त वेगानं धावते, एवढंच कारण. वैशाली आज येणार नाही, असं मी धरून चालले होते. पण ती आली आणि दोरीचं टोक धरून ओणवी झाली.

"मॅडम, रेघ सरळ येतेय ना?"

"येतेय. वैशाली, तुला राग नाही आला?"

"आलाय ना," ती दोरी ताणत म्हणाली. "रात्री जेवलेसुद्धा नाही."

मग ही इथे का, ते मला कळेना. आपला संघ हरावा आणि जिंकावाही, असं एकाच मनाला वाटू शकतं का? माझा निर्णय बरोबर होता, आणि तरीही तो मला बोचत होता.

तेवढ्यात रेश्मा धावत आली.

"ताज्या रेघेवर पाय देऊ नकोस गं!" वैशाली तिच्यावर खेकसली.

रेश्मा जागीच थबकली. सराव सुरू करायला मी शिट्टी ओठांत धरली, पण वैशालीच्या हातात दोरी असताना ती फुंकायला मला धीरच होईना.