रुमसिंगच्या बापाचं गाणं

लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडे शिव्या जमतात, अन् शिव्यांच्या मागं मागं किस्से. कोरीटला आमचं दुकान. कॅमेरा मी धरतो, कॉम्प्युटर भटू बघतो. साला आहे माझा, म्हणून हाकलताही येत नाही!

त्यात रुमसिंगचा फोन आला. सातपुड्यातला माणूस. त्याच्या घरच्या लग्नात त्याचा बाप गायला होता, ते आम्ही शूट केलेलं. आता बाप गेला. ते गाणं पाड्यात दुसऱ्या कोणालाच येत नाही.

म्हटलं, चार ठिकाणी ठेवलंय, देतो काढून!

*

आधी सीडी. डबा उघडला तं रिकामा! भटूनं सगळ्या सीड्या पाखरं हाकलायला ज्वारीत टांगलेल्या. पळत गेलो. सीडी उन्हानं पांढरी पडलेली, अन् एक पोपट कणीस खात खात तिच्यात तोंड बघतोय.

भटू म्हणे, "दाजी, कोनी तरी पाही ऱ्हायना ना आपली सीडी!"

*

मग पेन ड्राइव्ह. बाजारात खाली मांडून विकतात, त्यातला. टाकताना सगळं गपागप घेतलं, काढायला गेलो तं आत काहीच नाही.

भटू म्हणे, "याले निवडणुकीले उभा करा!"

*

मग दुकानातली हार्ड डिस्क. भटूला बजावलेलं, दोन कॉप्या ठेव.

"ठेवेल शेतस ना दाजी! एक डी मा, एक ई मा!"

डी अन् ई, दोन्ही एकाच डिस्कवर! अन् ती डिस्क त्यानंच टेबलावरून पाडलेली. मी चप्पल काढली.

*

शेवटची डिस्क मी स्वतः बायकोकडे दिलेली. आमच्यात जपायची वस्तू गव्हाच्या कोठीत जाते. तिनं तिथंच ठेवली, वरून किड्याच्या गोळ्या टाकल्या. नंदुरबारला रिपेअरवाल्यानं खोलली, आतलं तांबं काळंकुट्ट!

"काका, गोळीच्या गॅसनं खाल्लं. आता काही निघणार नाही."

घरी येऊन बोंबललो. बायको शांत. "पन गहूले एक बी किडा लागना नही!"

*

मग काय, गेलो पाड्यावर. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. डिस्क रुमसिंगच्या हातात दिली. त्यानं उलटीपालटी करून बघितली.

"बा आत शे ना?"

"आहे रे. पण निघत नाही. कोणालाच काढता येत नाही."

तो घरात गेला, बापाचं पागोटं आणलं, डिस्क त्यात गुंडाळली. समोर, पितरांना वाहतात तसे, मोहाच्या दारूचे दोन थेंब टाकले.

"मंग ऱ्हाऊ दे. बा बी आसाच व्हता. मनमा आलं तरच गाये."