नव्या घोड्याला तीन टन कमी

माझा मामा ट्रेलर चालवतो. अठ्ठेचाळीस किलोचा माणूस आणि चाळीस टनांची गाडी. यार्डात सगळे त्याला सुक्या म्हणतात आणि तो ओ देतो. मी त्याच यार्डात फोर्कलिफ्ट चालवते. नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सुतक लागल्यासारखं झालं होतं. एकटा मामा म्हणाला, बरं झालं, मास्तरांना जरा आराम. मामाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी बोलणाऱ्याच्या पायावरून फोर्कलिफ्ट नेईन, हे आधीच सांगून ठेवते.

मामाला वजनाचं वेड आहे. मामीला पहिल्यांदा भेटला तेव्हा तिचं वजन तिला अचूक सांगितलं होतं. तरी लग्न झालं, हा मामीचा मोठेपणा.

पण वेड उगाच नाही. यंदा ओव्हरलोडचे दोन दंड त्याच्या लायसन्सवर बसलेत. दोन्ही वेळा माल मालकाने कोंबला, नाव मामाचं लागलं. तिसऱ्यांदा सापडला की लायसन्स सहा महिने जप्त. आणि मामाला गाडी सोडून काही येत नाही. चहासुद्धा उतू घालवतो.

अशात मालकाच्या जावयाने नवा घोडा आणला. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं धूड. केबिनमध्ये पलंग, फ्रीज, खाली डिझेलच्या दोन टाक्या. जावई म्हणाला, एवढी ताकद आहे, आता सत्तावीसच्या जागी तीस टन भरायचे. मामाने रिकामी गाडी वजनकाट्यावर नेली, पावती आणली आणि जावयाला समजावत बसला. कायदा ताकद विचारत नाही. चाळीस टनांत घोडा, ट्रेलर, डिझेल, माल, ड्रायव्हर सगळं बसवायचं. जुनी गाडी रिकामी तेरा टनांची होती, म्हणून सत्तावीस जात होते. ही साडेपंधराची आहे, म्हणजे चोवीस.

"म्हणजे मी जास्त पैसे देऊन माल कमी केला?" जावई म्हणाला.

"पलंग आहे ना," मामा म्हणाला.

बरीच तणतण झाली. शेवटी चोवीसवर आलं. टनाटनाचे कागदाचे चोवीस रोल. मी ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला टेकवून, दोन-दोनच्या ओळीत, घट्ट रचले. एक नंबर काम. मामा काट्यावर गेला. एकूण वजन मर्यादेच्या आत. मग त्याने एकेक चाकजोडी काट्यावर घेतली, कारण प्रत्येक जोडीलाही आपापली मर्यादा असते. घोड्याच्या मागच्या चाकांवर, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक टेकतं तिथे, सातशे किलो जास्त.

जावई म्हणाला, एकूण बरोबर आहे ना, मग निघा. तपासणीवाले काय चाकं मोजत बसणार आहेत का? मागचे दोन्ही दंड तसेच मोजून लागले होते, पण ते याला कोण सांगणार.

मामाने किल्ली त्याच्या हातात ठेवली. "जावईबापू, तुम्ही न्या. पकडलं तर लायसन्स तुमचं जाईल."

जावयाकडे स्कूटरचं लायसन्स आहे. त्याने किल्ली परत दिली आणि फोन आल्याचं नाटक करत निघून गेला. फोन वाजलाही नव्हता.

मग मामा माझ्याकडे वळला. "नवा घोडा मुळातच जड. त्यात तू सगळा भार पुढे ढकललास. असं पुढे चिकटवून रचायला कुणी शिकवलं तुला?"

"तू," मी म्हणाले.

खरंच त्यानेच शिकवलं होतं, जुन्या गाडीवर. तिथे ते चालायचं. मामाने वाकून टायर तपासला. टायरला काही झालं नव्हतं. मग खडू घेऊन ट्रेलरमध्ये चढला आणि पुढच्या भिंतीपासून हातभर अंतरावर रेघ मारली.

चोवीसच्या चोवीस रोल उतरवले. रेघेपासून मागे पुन्हा रचले, माल सरकू नये म्हणून पुढच्या मोकळ्या जागेत लाकडी ठोकळे मारले. यादरम्यान जेवणाची सुट्टी आली आणि गेली. मामा स्वतः ठोकळे ठोकत होता आणि दर तिसरा घाव अंगठ्यावर बसत होता. मी हसले, तेव्हा मला उद्देशून जे बोलला ते आईला सांगण्यासारखं नाही.

काट्यावर सगळ्या जोड्या मर्यादेत बसल्या आणि मामा गाडी घेऊन निघाला. संध्याकाळी त्याचा फोन आला. तपासणीत थांबवलं होतं, चाकं मोजली, सोडलं.

"घोड्याच्या मागच्या चाकांवर मर्यादेला किती उरले होते?" मी विचारलं.

"नव्वद किलो. आता मी वडापाव खाऊ शकतो," म्हणाला आणि फोन ठेवला.