हवालदाराचा सरळ गुडघा

"साहेबासमोर लंगडत जाणं म्हंजे बिनापट्ट्याचं परेडले उभं राहणं हाय," असं अमडापूरचे हवालदार किसनराव एकदा बायकोला, झुंबरबाईंना, म्हणाले होते. आणि बोलल्यासारखे वागलेही. बर्फातल्या गस्तीवर दरीत घसरून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. निवृत्तीच्या वेळी ती किती निकामी झाली हे मेडिकल बोर्ड ठरवणार होतं. त्या सकाळी किसनरावांनी बाहेरच्या एका डॉक्टरकडून दुखणं मारणारी सुई टोचून घेतली, दाढी घोटली आणि बोर्डासमोर असे चालले की नव्या रंगरूटानं लाजावं.

बोर्ड खूश झालं. अपंगत्व अकरा टक्के. विसाच्या खालचं अपंगत्व सरकार मोजत नाही; ते ज्याचं त्यानं घरी न्यायचं असतं.

"भरपाई मांगाले गेले होते का नवरदेव व्हाले?" झुंबरबाई म्हणाल्या. "फौजेनं सारं शिकवलं, कण्हणं तेवढं राह्यलं!"

"पेन्शनचं तू पाहून घे. पाय चाकरीत गेला, एवढं त्यायनं कबूल करावं. बस."

अपील झालं. दोन वर्षांनी बोलावणं आलं. सरकारला घाई नव्हती, गुडघा कुठं पळून जाणार होता!

"या बारीले सुई घेतली तं घरी येऊ नोका," झुंबरबाईंनी नांदुऱ्याच्या फलाटावर बजावलं.

घेतली नाही. तीन डॉक्टरांसमोर किसनराव घरी चालतात तसे चालले, पाय ओढत. वळताना टेबल धरावं लागलं. टेबलावर त्यांचा एक्स-रे पडला होता. त्याच्यावर पेपरवेट होता.

"मागच्या वेळी तर झकास चालला होतात," तिघांतले कर्नल म्हणाले. माणूस पुण्याकडचा, हसतमुख. "अपील केल्यावर बिघडला वाटतं गुडघा?"

"तवा सुई घेतली होती, साहेब."

"ती कशाला?"

"तुमच्यासमोर यायचं होतं म्हून."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुखणं आणून दाखवणारे त्यांनी शेकड्यानं पाहिले होते; झाकून आणणारा हा पहिलाच, आणि त्याला पुस्तकात रकाना नव्हता.

"म्हणजे तेव्हा तुम्ही बोर्डाला फसवलंत," कर्नल समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग आज फसवत नाही आहात, हे आम्ही कशावरून मानायचं?"

 किसनरावांनी समोरच्या तीन चेहऱ्यांकडे पाहिलं. ह्यांच्यासाठी सुई टोचून घेतली होती आपण.

"बसा, तपासणी बाकी आहे अजून," कर्नल म्हणाले.

किसनरावांनी टेबल सोडलं, पाय ओढत दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले.