भिंतीला घातलेला घट्ट कोट

इंग्लंडात डेव्हनमधल्या आमच्या खेड्यात मातीच्या भिंती घालणारे गिल्बर्टकाका एंडाकॉट हे शेवटचेच. माती आणि जवाचं काड पायांनी तुडवायचं, हातभर थर चढवायचा, तो सुकला की पुढचा. स्वतः जन्मले तेही असल्याच घरात, आणि मरायचंही तिथेच, हा त्यांचा हट्ट.

"घराला टोपी चांगली हवी, बूट चांगले हवेत. पण सदरा सैल हवा," म्हणायचे. टोपी म्हणजे गवती छप्पर, बूट म्हणजे दगडी जोतं आणि सदरा म्हणजे दर मे महिन्यातला चुन्याचा हात. "माती श्वास घेते, हेस्टर. कोंडलीस की मेली." हजारदा ऐकलं मी. डोक्यात शिरलं असतं तर ना!

एका वसंतात काका शिडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. चार महिने इस्पितळात. चुना राहिला, त्यांच्या घराची पश्चिमेची भिंत पोपडे सोडायला लागली. त्यांची बहीण थिर्झा रडकुंडीला आली. शेजारीण मी, मोठी शहाणी! म्हटलं, "रडतेस काय? सिमेंटचा गिलावा मारून टाकू, वीस वर्षं बघायला नको." गवंडीही मीच आणला.

काका काठ्या टेकत आले. भिंतीवर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"कुणी केलं?"

"मी! झालं की नाही चकाचक?"

"झालं खरं," काका म्हणाले. "थिर्झा, चहा टाक."

त्याच संध्याकाळी त्यांनी थिर्झाची खाट त्या भिंतीजवळून पलीकडच्या खोलीत हलवायला लावली. मला वाटलं, म्हाताऱ्याचा लहरीपणा.

आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहिली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात, भरदुपारी, भिंत आतल्या आत बसली. सिमेंटचा पापुद्रा तेवढा उभा राहिला, मेला. घर पाडायचा हुकूम आला. थिर्झा भाचीकडे गेली, काका वृद्धाश्रमात.

"जुनी मातीची घरं, ती पडायचीच," घर बघायला आलेला सरकारी तपासनीस म्हणाला होता. काकांनी चक्क मान डोलावली होती.

आश्रमात मी न राहवून विचारलं, "काका, तेव्हाच का नाही बोललात? फोडून काढला असता गिलावा!"

"त्याच्याबरोबर अर्धी भिंतही आली असती, पोरी. कशीही जाणारच होती ती. तुला दोन वर्षं आधीपासून कशाला रडवायचं?"

फेब्रुवारीत ते गेले, त्या परक्या खोलीत. मला एक सणसणीत शिवी तरी हासडायची होतीत हो, काका.