आईची सही

आईची पेटी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. शहिदाची पत्नी म्हणून मिळालेली शाल तिनं या पेटीत जपली आहे. त्या वासानं मला गोंदियाचं सैनिक कल्याण ऑफिस आठवलं; त्या दिवशी आईच्या अंगावर हीच शाल होती. सैनिकांच्या मुलांना मेडिकलसाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आम्ही दोघी दवनीवाड्याहून गेलो होतो.

टेबलामागचा बाबू अर्ज बघून म्हणाला, "बाईची सही नाही चलत. पोरीच्या काकाले घेऊन या."

आई जागची हलली नाही. "हिचा बाप तिरंग्यात आला, तवा माहीच सही घेतली ना तुमी? तवा काऊन चालली?"

त्यानं अर्जावर शिक्का मारला.

आपण जिंकलो, म्हणून मी तेव्हा खूश होते. आज मी डॉक्टर आहे, आणि संताप येतो तो याचा, की एका शिक्क्यासाठी तिला भरल्या ऑफिसात नवऱ्याचं मरण सांगावं लागलं.