रहीमसाबच्या कमरेचं माप

"आठवड्याला पाच दिवस द्या," मी म्हणालो.

"एकही नाही," संचालक म्हणाले. "स्कोपी बंद म्हणजे बंद."

कोरोनाची पहिली लाट होती. नांदेडच्या एका खासगी हॉस्पिटलात मी पोटविकारांचा डॉक्टर. एण्डोस्कोपी म्हणजे कॅमेरा लावलेली बारीक नळी तोंडातून जठरापर्यंत सोडून आत पाहणं. नळी घशात गेली की रुग्ण खोकतो, आणि खोकल्यातून कोरोना पसरतो. संचालकांची भीती खोटी नव्हती. पण पोटात गाठ असेल तर ती लाट ओसरायची वाट बघत नाही.

माझी आई कंधारच्या बाजारात भाजी विकायची. पाच मागितले की दोन मिळतात, हे मी तिच्या टोपलीशेजारी बसून शिकलो. इथे दोनही मिळाले नाहीत. "रक्ताची उलटी झाली तरच करा," असं ठरलं. मी फाइल टेबलावर आपटून बाहेर आलो. बाकीच्यांना फोनवरच तपासायचं.

फोनवर तपासायच्या रुग्णांच्या यादीत कंधारचे रहीमसाब टेलर होते. माझा शाळेचा गणवेश त्यांनीच शिवलेला.

"डॉक्टरसाब, पोटात लई जळजळ व्हायली."

"जेवण जातं का?"

"हाव, जातंय की."

"वजन कमी झालंय का?"

"काटा कुठाय घरी? दुकान बंद, नुसता बसून हाय. वाढलंच असंल!"

दोघंही हसलो. मी अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

महिन्याने पुन्हा फोन. जळजळ थांबली होती. या गोळ्यांनी गाठीवरच्या जखमेलाही काही दिवस आराम पडतो, हे मला माहीत होतं. "आता दोन घासांत पोट भरतंय," ते म्हणाले. "काम न्हाई, मग भूक कुठून लागणार?" कारण त्यांनीच दिलं, मी ते घेतलं. गोळ्या चालू ठेवल्या.

पहिल्या फोननंतर चार महिन्यांनी बस सुरू झाली तेव्हा ते बायकोला, खालिदाभाभींना, घेऊन आले. चेहरा उतरलेला, पण पँट अंगावर अगदी बेतून बसलेली. तपासायला झोपवलं तेव्हा कमरपट्टीची आतली बाजू दिसली. शिवणीच्या तीन ओळी, एकीच्या आत एक.

"हे काय?"

"ढिली व्हायली की आत घेत होतो. चौतीसची तीसवर आली."

"चार इंच! आणि मला सांगितलं नाही?"

"तू वजन विचारलंस. कमर कुठं विचारलीस?"

भाभी म्हणाल्या, "मी म्हणत होते, डॉक्टरला सांगा. तर म्हणाले, मशीन रिकामीच हाय, घेतो आत."

मग मी ओरडलो. त्यांच्यावर नाही, फोनवर, संचालकांवर. दहा मिनिटांत परवानगी मिळाली. कोरोनाची टेस्ट करून दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी स्कोपी केली. जठराच्या खालच्या टोकाला गाठ होती. बायोप्सी, म्हणजे गाठीचा चिमूटभर तुकडा, तपासायला पाठवली. कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये यकृतातही डाग दिसले. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. किमोथेरपी घेत ते वर्षभर दुकानात बसले. मग गेले.

चार महिने आधी नळी घातली असती तर वाचले असते का? खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. संचालक आता लातूरला असतात. भेटले की म्हणतात, "सोडा हो आता ते." मी सोडलेलं नाही. स्कोपीच्या खोलीला कुलूप त्यांनी लावलं होतं.

फोन मात्र माझ्या हातात होता. बाजारात पहिल्या उत्तरावर मी आजवर कधी थांबलो नाही. रहीमसाबपाशी थांबलो, तेही दोनदा.

आता कोणी म्हणालं, घरी काटा नाही, की मी विचारतो: पट्टा कितव्या भोकावर आला? ब्लाउज सैल होतोय का? बांगडी हातात वर कुठपर्यंत सरकते? लोक वैतागतात. वैतागू देत.